मास्तरांचं फ्रेंच

आमच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात गरम प्लेट खिडकीत आली की मास्तर ओरडायचे, "शो!" थंड पदार्थ आला की, "फ्रुआ!" हाक आल्याशिवाय वेटरनं प्लेटला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. नवीन माणूस कामाला लागला की आधी ही शिकवणी. "शो म्हणजे हॉट. फ्रुआ म्हणजे कोल्ड. बर म्हणजे बटर, सेल म्हणजे सॉल्ट. सां म्हणजे विदाउट. कुणी बिनमिठाचं मागितलं तर सां सेल." समोरच्याला इंग्रजीही येत नसलं तर तो बिचारा दोन्हीकडून कोराच राहायचा, पण मास्तर खूश.

म्हणून तर नाव मास्तर पडलं. एरवी ते हेड कुक, शाळा अर्ध्यावर सुटलेली. हे शब्द त्यांनी तरुणपणी एका म्हाताऱ्या शेफच्या हाताखाली शिव्या खात गोळा केलेले. आमच्यात बाकी कुणाला काय येत होतं? वासरात लंगडी गाय शहाणी. मी तिथं कोठी सांभाळायचे आणि मास्तरांची थट्टा करायचा हक्क माझ्याकडे होता.

"मास्तर, घरी वहिनींशी पण फ्रेंचच बोलता का?"

"बोललो एकदा. ती म्हणाली, मीठ हवं असेल तर नीट तोंडानं मागा, नाहीतर अळणी गिळा."

आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे. कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडवलं ते मॅनेजरसाहेबांनी. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना ते काउंटरवरून ऐकवायचे, आमच्या हेड कुकना फ्रेंच येतं. मिरवायला स्वतःचं काय जातं?

एका दुपारी, जेवणाची ऐन गर्दी असताना, साहेब स्वतः खाली आले. एरवी बुटांना तेल लागेल म्हणून ते दारातूनच बोलत. त्या दिवशी थेट शेगडीपाशी गेले.

"मास्तर, हातातलं ठेवा. वरचे म्हातारे पाहुणे खोलीत कोसळलेत. डॉक्टर आलेत, पण पाहुण्यांच्या बाईंना फ्रेंचशिवाय काही येत नाही. चला लवकर. ताई, तुम्हीही चला, बाईमाणूस सोबत असलेलं बरं."

तेव्हा खिशात फोन नव्हते, की इकडून बोललं आणि तिकडून भाषांतर मिळालं. मास्तरांनी हात पुसले, मळका एप्रन काढून धुतलेला बांधला. जिन्यात ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. मी कान दिला. शो, फ्रुआ, बर, सेल. परीक्षेला निघालेल्या मुलासारखी उजळणी चालली होती.

म्हातारे पलंगावर पडले होते, ओठ निळसर झालेले. बाई अनवाणी उभी होती, मुठीत नवऱ्याचा चष्मा. मास्तर म्हणाले, "मादाम." एवढा एकच शब्द, पण त्या बाईच्या चेहऱ्यावर जो जीव आला, तो मी विसरू शकत नाही. आपलं माणूस भेटलं, असं वाटलं असणार तिला. आणि मग बाई जी बोलत सुटली, ती थांबेचना.

डॉक्टर सुई भरून उभे होते. "यांना एखादं औषध सोसत नाही का, तेवढं विचारा. चुकीचं गेलं तर जिवावर बेतेल."

मास्तरांनी तोंड उघडलं. औषधाला काय म्हणतात, सोसण्याला काय म्हणतात, त्यांना कुठून माहीत असणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांनी सुईकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "सां? सां?"

बाईनं जोरजोरात मान हलवली. होकाराची की नकाराची, देव जाणे. परत सगळं सांगितलं, या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगतात तसं. मास्तरांच्या कपाळावरून घाम गळत होता.

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"कशाशिवाय तरी, असं म्हणतायत."

"अहो, पण कशाशिवाय?"

"ते... ते नाही कळत, डॉक्टर."

डॉक्टरांनी सुई परत ठेवली आणि गाडी बोलवायला सांगितलं. नंतर ते म्हणाले, दिली असती तरी उपयोग झाला नसता. ते खरं होतं की मास्तरांची समजूत घातली, मला आजही सांगता येत नाही.

बाईनं मास्तरांची बाही सोडलीच नाही, त्यामुळे एप्रनसकट मास्तर गाडीत चढले, मागोमाग मी. हॉस्पिटलच्या बाकावर ती दोघांच्या मध्ये बसली. मास्तरांकडे बघून पुन्हा पुन्हा काहीतरी विचारायची. आवाज शेवटी वर जायचा, म्हणून प्रश्न आहे एवढं कळायचं. मास्तर दर वेळी म्हणायचे, "वी, मादाम." हो, बाई. शेफला हुकुमाचं उत्तर द्यायचं म्हणून शिकलेला शब्द.

मला राग आला. "कशाला हो हो करताय? काय विचारतायत ते तरी कळतंय का?"

"नाही कळत."

"मग?"

"वाचतील ना, असं विचारत असतील तर? नाही कसं म्हणू, ताई?"

मी बाईच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं आतून एक डॉक्टर आले. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि आम्हाला कळलं. "यांची भाषा तुम्हाला येते ना?" ते मास्तरांना म्हणाले. "तुम्हीच सांगा त्यांना."

मास्तर उठून उभे राहिले. हात एप्रनला पुसत राहिले, पुसत राहिले. माणूस गेला हे सांगायला स्वयंपाकघरात शब्द नसतो. बाईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि काही न विचारता आत निघून गेली. चष्मा बाकावरच राहिला.

बाहेर आली तेव्हा ती रडत नव्हती. सरळ मास्तरांपाशी आली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि एकच शब्द बोलली.

"फ्रुआ."

मलाही कळला. आमच्या स्वयंपाकघरातल्या भांडी घासणाऱ्यालाही कळला असता. मास्तरांनी तिचे हात आपल्या भाजलेल्या, राठ हातांत घेतले आणि चोळत राहिले. "वी, मादाम," ते म्हणाले. "वी." आणि तिच्या आधी तेच रडले.

दुसऱ्या दिवशी मास्तर वेळेवर कामाला आले. दुपारी खिडकीत सॅलडची प्लेट आली. वेटर हाकेची वाट बघत उभा राहिला. आम्ही सगळेच थांबलो. मास्तर प्लेटकडे बघत होते, ओठ नुसते हलले.

"ने रे," ते शेवटी म्हणाले. "गार आहे."