खाली बसू नका

निरगुडसरच्या कुंडलिकला आमच्या भागात सगळे बिबट्यावाला म्हणूनच ओळखतात. घरची शेती सांभाळून तो मळ्यामळ्यांत, शाळाशाळांत जाऊन लोकांना शहाणं करायचा. एकटं फिरू नका, ओणवं होऊ नका आणि उसाच्या कडेला खाली तर मुळीच बसू नका. बसलेला माणूस बिबट्याला शेरडाएवढाच दिसतो. हे ऐकून आमचे कान किटले होते. त्याच्या लग्नात मी म्हणालोही, 'नवरदेवा, पाटावर तरी बस रे.'

मी, कुंडलिक आणि रामदास शाळेपासूनचे दोस्त. दोन वर्षांपूर्वी ऊस तुटून गेल्यावर, होळीच्या आधी, आम्ही तिघं हिमाचलात गेलो. चार दिवस बर्फावर घसरायचं आणि मग वरच्या डोंगरात हिमबिबट्या बघायचा, असा बेत. बेत अर्थात कुंडलिकचा. त्याला इथले बिबटे कमी पडत होते! स्कीइंगच्या पहिल्याच दिवशी मी तोंडावर आपटलो आणि पाय सुजवून घेतला. रामदास पोट धरून हसला. त्यामुळे वर ते दोघंच गेले, सोबत तिथला गाइड.

संध्याकाळी गाइड आणि कुंडलिक परत आले. रामदास नव्हता. गाइड सांगत होता, 'धुंध आ गई थी. मैंने बोला बैठ जाओ, हिलना मत. वो उठके चल दिया.' कडेचा बर्फ खचला होता आणि रामदास त्याबरोबर दरीत गेला होता. कुंडलिक बूटही न काढता भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. गावी आल्यावर रामदासच्या आईला, कोंडामावशींना, मी गाइडचंच सांगणं सांगितलं. मला तेवढंच माहीत होतं.

तेव्हापासून कुंडलिकनं बिबट्याचं नाव टाकलं. शाळेनं बोलावलं तरी जाईना. दिवस कलला की बांधावर उभा राहून उसाकडे बघायचा. एकदा त्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

'त्यो बग. उसाच्या कडंला. गुडघ्याएवढ्या बर्फात उभा असतो राव. मी म्हनतो बस, बस आता, तर बसत न्हाई.'

मला नुसता ऊस दिसत होता. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मीही त्या बांधानं एकटा जात नाही.

मग त्यानं सगळं ओकलं. 'रामदास बसला व्हता. गाइडचं ऐकून गप बसला व्हता. धुक्यात मला पुढं नुसतं काळं गाठुडं दिसलं. सकाळीच त्यो बर्फातला वाघ बघितलेला. माज्या तोंडातनं निघून गेलं, रामदास, बसू नगं! उभा ऱ्हा, चालत ऱ्हा! आन् त्यो उठला.'

गाइडला मराठी येत नव्हती. हिमबिबट्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, हे कुंडलिकला नंतर कळलं. आता मावशींना सांगावं, तर त्या दारात उभं करणार नाहीत; आणि आई गेल्यापासून आईच्या मायेनं जेवू घालणारं त्याला तेवढं एकच दार होतं. न सांगावं, तर उसाच्या कडेचा तो होताच. मीही त्याला सांग म्हणालो नाही. भित्रेपणात आम्ही दोघं सारखेच.

परवा मावशींनी आम्हाला जेवायला बोलावलं. रामदासची सात वर्षांची श्रेया पायात काही न घालता मळ्याकडे पळत होती. मावशी चुलीपासून ओरडल्या, 'बापावर गेलीय निस्ती! त्यानं बी कुनाचं ऐकलं न्हाई, म्हून आपल्याला टाकून गेला.'

श्रेया उंबऱ्यातच थबकली. 'आज्जी, बाबा वाईट व्हते का गं?'

कुंडलिकनं हातातला घास ताटात ठेवला. 'न्हाई गं बाय. तुज्या बानं ऐकलं व्हतं. माजं ऐकलं.' मग मावशींकडे न बघता त्यानं सगळं सांगितलं, एका दमात. सांगून झाल्यावर तो उठायला लागला.

मावशींनी करपलेली भाकरी तव्यावरून काढून बाजूला टाकली.

'तू मायेनं हाक मारलीस, त्ये कळतंय मला,' त्या म्हणाल्या. 'पर दोन वर्सं मी माज्या लेकाला रोज बोल लावला, कुंडलिक. आन् तू हितं बसून, माज्या हातचं खात, ऐकत ऱ्हायलास.'