आमच्या दारचा सरकारी पिंपळ

लग्न होऊन मी अकोल्याहून अमरावतीला आले, तेव्हा सासरच्या घरासमोर रस्त्याच्या कडेला कमरेइतका पिंपळ होता. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. माझे सासरे कापसाच्या जिनात कामाला होते. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरातले देव काढले आणि दारापुढे हे रोप लावलं. कामावरून आले की स्वतःचे हातपाय धुण्याआधी त्याला पाणी. सासूबाई कुरकुरायच्या, "मानसाइले पानी नाई नळाले, अन् झाडाले बादली!"

त्याच उन्हाळ्यात नगरपालिकेचा मुकादम सायकल टेकवून दारात उभा राहिला.

"हे झाड कोनं लावलं?"

"म्या," मामाजी म्हणाले.

"कोनाले इचारून?"

"झाड लावाले कोनाले इचारा लागते, बापा?"

मुकादम म्हणाला, रस्त्याची कड नगरपालिकेची. तिथं झाड लावायला परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी कडुनिंबच लावायचा, नाहीतर करंज. वड, पिंपळ चालत नाहीत. त्यांच्या मुळ्या नाल्या फोडतात. "उपटून टाका. नाई तं आमी उपटू."

माझे यजमान चांदूर बाजारला मास्तर होते, रविवारीच घरी यायचे. मामाजींना अक्षरओळख नव्हती. ते मला म्हणाले, "बाई, तू चाल माह्यासंगं. तू मॅट्रिक हाय, तुले त्याइची भाषा समजते."

मला ती समजत नव्हती, हे तिथं गेल्यावर कळलं. नगरपालिकेतल्या बाबूंनी आधी तोच नियम सांगितला. मग रस्ता कोणता म्हणून विचारलं, आणि ऐकल्यावर म्हणाले, तो रस्ता बांधकाम खात्याचा, तिकडे विचारा. बांधकाम खात्यातला माणूस म्हणाला, "डांबर तेवढं आमचं. डांबराच्या बाहेरची माती नगरपालिकेची."

येताना मामाजी डांबर जिथं संपतं तिथं थांबले. मग म्हणाले, "डांबर याचं, माती त्याची. मंग झाड कोनाचं वं?"

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चालत राहिले.

पिंपळ उपटायला कोणी आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात मात्र नगरपालिकेनं आमच्या रस्त्याला झाडं लावली. सगळे कडुनिंब, प्रत्येकाभोवती लोखंडी पिंजरा, पिंजऱ्यावर लाल रंगात आकडा. एक आमच्या पिंपळाच्या अगदी शेजारी लावला. दिवाळीपर्यंत तो वाळून काडी झाला आणि पिंजरा रिकामा उभा राहिला. एका सकाळी मी अंगण झाडत होते, तर तोच मुकादम दोन गडी घेऊन आला. त्यांनी पिंजरा उचलला, आमच्या काट्या बाजूला फेकल्या आणि पिंजरा पिंपळाभोवती बसवून दिला.

"काहो, हा तं उपटाचा होता ना?" मी विचारलं.

"साहेब पाहाले येऊन रायले. पिंजरा रिकामा नाई दिसला पाह्यजे."

संध्याकाळी मामाजी पिंजऱ्याभोवती फिरले. गजांमधून हात घालून त्यांनी एक पान चाचपलं. त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "आता हा आपला नाई रायला का, बाई?"

पिंपळ वाढला तशा मागच्या गल्लीतल्या बाया शनिवारी येऊ लागल्या. सूत गुंडाळायच्या, कुंकू वाहायच्या. मामाजींसाठी तो बोधिवृक्ष. पहिल्यांदा त्यांनी कुंकू पाण्यानं धुऊन काढलं. दुसऱ्या शनिवारी तांब्या घेऊन गेले आणि तसेच परत आले. "झाड रस्त्यावर हाय," एवढंच म्हणाले. रस्त्यावरचं ते सगळ्यांचं की कोणाचंच नाही, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

पुढे माझी मुलं शाळेत जाऊ लागली, तोवर पिंपळ कौलांच्या वर गेला होता. आणि मग मुकादम म्हणाला होता तसंच झालं. नाली फुटली. मुळ्या आमच्या सैपाकघराच्या भिंतीखाली शिरल्या, भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली आणि घाण पाणी चुलीपर्यंत आलं. सासूबाईंनी चूल अंगणात मांडली आणि मामाजींशी बोलणं सोडलं. काही दिवसांनी मामाजी मला म्हणाले, "चाल बाई. तोडाची परवानगी मांगू."

या वेळी नवे साहेब होते. म्हणाले, "रस्त्यावरचं झाड तोडायला मनाई आहे. फांदी छाटलीत तरी कारवाई होईल."

"पण आमची भिंत पडायला आली, साहेब."

"भिंत तुमची आहे. झाड नगरपालिकेचं आहे."

मला राग आला. "तुमच्याच माणसानं हे उपटायला सांगितलं होतं."

"शक्य आहे. नगरपालिका पिंपळ लावतच नाही," साहेब म्हणाले. मग थोडं थांबून स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मग तिथं पिंपळ आला कसा?" आम्ही काही सांगणार तेवढ्यात ते म्हणाले, "पण आहे ना? मग तोडता येणार नाही."

बाहेर व्हरांड्यात मुकादम भेटला. केस पिकले होते त्याचे. "परवानगी भेटली असती तरी काय?" तो हळूच म्हणाला. "माह्ये गडी पिंपळाले कुऱ्हाड लावत नाईत. मीबी नाई लावत."

रस्त्यानं मामाजी एकदम हसले आणि लगेच धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. मला कळेना, यांचं सांत्वन करावं की काय करावं.

"मामाजी, बरं झालं का वाईट झालं?"

"मलेच समजून नाई रायलं, बाई. मी तोडाची परवानगी मांगाले गेलतो, का साहेबाच्या तोंडून नाई म्हनवून घ्याले गेलतो?"

शाळेला सुट्टी लागल्यावर माझ्या यजमानांनी आणि मामाजींनी सैपाकघराची भिंत पाडली आणि हातभर आत घेऊन नवी बांधायला काढली. भिंत अर्धी झाली असेल, तेव्हा नगरपालिकेचा एक नवाच माणूस आला. बांधकामाची परवानगी घेतली का म्हणून विचारू लागला.

मामाजी गवंड्याच्या हाती विटा देत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"आमी मांगं सरकून रायलो, बापा," ते म्हणाले. "मांगं सरकालेबी परवानगी लागते?"

त्या माणसानं भिंतीकडे पाहिलं, वर फांद्यांकडे पाहिलं, आणि साहेबांना विचारून सांगतो म्हणून निघून गेला.