वडाची समुद्राकडची बाजू

लेईतांगीच्या रागाबद्दल आमच्या एमाताऊ गावात दोन मतं नाहीत. वादळाने अर्धं गाव उघडं पाडलं त्या वर्षी चर्चमधल्या बाईंनी मुलांना सांगितलं, की ही सगळी आपल्या पापांची शिक्षा. तेव्हा ही एवढीशी पोर उभी राहिली आणि म्हणाली, "मग पहिलं छप्पर तुमचंच कसं उडालं?" बाईंनी तिला बाहेर काढलं. ती गेली, पण खिडकीशी उभी राहून उत्तराची वाट बघत राहिली. चिडून मोकळं व्हायचं तिला कधी जमलं नाही. तिला उत्तर हवं असायचं.

आई राजधानीच्या शहरात, व्हिलाच्या बाजारात अळूचे कांदे आणि केळी विकायची. पोर हुशार निघाली, शिष्यवृत्ती मिळवून ब्रिस्बेनला गेली. शेवटचं वर्ष ऑनर्सचं. त्यात प्रबंध लिहावा लागतो. बाकीच्या मुलांनी ग्रंथालयात बसून उरकतील असे विषय घेतले. लेईतांगीने घेतला आपल्याच कुळाच्या जमिनीचा.

त्यालाही कारण रागच. आमच्या गावाचं जे टोक समुद्रात घुसलंय, जिथे मोठा वड आहे, ते टोक एका हॉटेलवाल्या कंपनीला भाड्याने हवं होतं. पंचाहत्तर वर्षांसाठी. म्हणजे आज जन्मलेल्या पोराने म्हातारं होईपर्यंत स्वतःच्या किनाऱ्यावर परवानगी मागून जायचं. ती जमीन अळू कुळाची, लेईतांगीच्या आईकडची. पण सही करायला सायलस टपून बसला होता. सायलस राहायचा व्हिलात, गावात यायचा तो नव्या गाडीतून, काळा चष्मा लावून, आणि सांगायचा की आपली आजी अळू कुळाच्या थोरल्या घरातली, तेव्हा जमीन आपली. त्याची आजी मरून किती वर्षं झाली होती, आणि जिवंत असताना या माणसाने तिला एक मासा कधी आणून दिला नव्हता.

"सगळं लिहून काढते," लेईतांगी आईला फोनवर म्हणाली. "एकदा छापलं गेलं, की बघू कोण तोंड उघडतो ते."

आमच्याकडे जमीन आईकडून येते, आणि तिची गोष्ट सांभाळतो आईचा भाऊ. लेईतांगीचा मामा काल्फाऊ. गोष्ट अशी, की कुळाची पहिली आई होडीतून आली, एका मोठ्या शिंपल्यात अळूचा एकच कांदा जपून घेऊन. जिथे तिने तो लावला, तिथेच शिंपला पुरला. तो शिंपला कुठे आहे हे ज्याला ठाऊक, जमीन त्याची. एवढाच आमचा सातबारा.

लेईतांगी सुट्टीत आली ती रेकॉर्डर आणि विद्यापीठाचे कागद घेऊन. मामा स्वयंपाकाच्या झोपडीत कोनफळ सोलत बसला होता. तिने यंत्र त्याच्या मांडीजवळ ठेवलं, कागद पुढे केला.

"इथे सही कर मामा. म्हणजे तू सांगितलेलं मला छापता येईल."

"कोण वाचणार हे?"

"कुणीही. सगळ्या जगाला वाचता येईल."

"कुणीही?" मामाने विचारलं आणि हसला. मग हात पुसून सही केली, आणि गोष्ट सांगितली. होडी, वादळ, उपाशी बाळ, अळूचा कांदा. सांगता सांगता गायलासुद्धा. लेईतांगीचे डोळे भरून आले. शिंपला कुठे, तर टोकावरच्या वडाच्या समुद्राकडच्या बाजूला, मुळांत.

रोज संध्याकाळी ती आली, रोज यंत्र मांडीजवळ. एकदा मामा म्हणाला, "आज ते राहू दे ना घरी. चल, ओढ्यावर जाऊन कोळंबी धरू." ती म्हणाली, "मामा, माझ्याकडे वेळ कुठे आहे?" मामाने पुन्हा म्हटलं नाही.

ब्रिस्बेनला तिच्या मार्गदर्शक डॉक्टर ग्वेंडा. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांना नकाशा हवा होता. "नुसतं वडाजवळ लिहून भागणार नाही. परीक्षक विचारतील. खात्री करून घे." लेईतांगीने मामाला फोन लावला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट.

"नक्की समुद्राकडची बाजू, मामा?"

"नक्की, पोरी."

तिने नकाशावर फुली मारली. प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला, विद्यापीठाने तो सर्वांसाठी खुला करून ठेवला. आईने त्याच्या पहिल्या पानाची प्रत बाजारातल्या आपल्या बाकड्यामागे चिकटवली, केळी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला दाखवली.

जमिनीचा निवाडा गावच्या सभाघरात होता. निवाडा करणारे पाच गावप्रमुख चटयांवर बसले. सायलस उठला, घसा खाकरला आणि गोष्ट सांगू लागला. होडी, वादळ, उपाशी बाळ. लेईतांगीला आधी कळेनाच की हे इतकं ओळखीचं का वाटतंय. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तिचीच वाक्यं होती. जिथे तिने प्रकरण संपवलं होतं, तिथेच तो पाणी प्यायला थांबला.

"हे माझ्या पुस्तकातलं आहे!" ती ओरडली. "हा चोर माझं पुस्तक पाठ करून आलाय!"

"खाली बस, बाय," सायलस गोड हसला. "माझ्या आजीने मला लहानपणी सांगितलं. हाताला धरून जागा दाखवली. तुला तुझ्या मामाने सांगितलं असेल. बरं झालं, दोन्ही जुळतात. म्हणजे खरं आहे."

प्रमुखांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही सारखंच ठाऊक, तर जमीन दोघांची. अर्धी अर्धी. आणि टोकाकडचा अर्धा भाग कुणाला जाईल हे सांगायला कुणी लागत नव्हतं. मागे बसलेल्या तिच्या आत्याबाई कुजबुजल्या, "शिकून आली आणि घराचं दार उघडं टाकून बसली." लेईतांगीने ऐकलं. ती सांगितल्यासारखी खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा.

काल्फाऊमामा तोवर भिंतीला टेकून बसला होता, दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारखा. तो म्हणाला, "आजीने हाताला धरून दाखवली ना? मग खणा."

"हो, खणा ना!" सायलस म्हणाला. तो वडाकडे एकदाही फिरकला नव्हता. हातात कागद असला, की या लोकांना जमीन बघायची गरज वाटत नाही.

सगळं गाव टोकावर गेलं. दोन जणांनी समुद्राकडच्या मुळांत खणलं. कंबरेइतका खड्डा झाला. पोवळ्याचे तुकडे निघाले, खेकडे निघाले, आणि शेवटी मासळीचा एक गंजका डबा निघाला. आधी पोरं हसली, मग बायका, मग प्रमुखांपैकी सगळ्यात म्हातारा तर डोळे पुसू लागला.

"तुझ्या आजीला डब्यातली मासळी आवडायची वाटतं!" कुणीतरी ओरडलं. "आजीने दाखवली, की पुस्तकाने?"

सायलस गाडीच्या किल्ल्या चाचपू लागला. मामाने पाच प्रमुखांना खूण केली. लेईतांगीही उठली.

"तू थांब," मामा म्हणाला.

ते सहा जण भलतीकडेच निघून गेले. कुठे, ते इथे सांगायचं कारण नाही. परत आले तेव्हा प्रमुखांचे हात चिखलाने भरले होते. जमीन अळू कुळाची, सगळी, असं सांगून ते कावाच्या मुळीचं पेय प्यायला गेले. सायलसची गाडी त्यांच्याआधी निघाली होती.

गाव आनंदात होतं. बायका केळीच्या पानात भाजायच्या लापलापसाठी दगड तापवू लागल्या. आणि लेईतांगी मामाच्या झोपडीत शिरली ती नारळ खवायच्या पाटाला लाथ घालूनच.

"खोटं बोललास माझ्याशी!"

"बस आधी."

"बसत नाही! पुन्हा पुन्हा विचारलं तुला. फोन करून विचारलं. नक्की म्हणालास. नक्की!"

"जमीन वाचली की नाही?"

"मी जमिनीचं विचारत नाहीये! सायलसला खोटं सांगायचं तर सायलसला सांग. मी कोण आहे? मी अळू कुळाची आहे, मामा. तुझी पोरं नाहीत या कुळाची, मी आहे. उद्या माझी पोरं बसतील या जमिनीवर. आणि मला फसवतोस? मुलगी म्हणून? शिकली म्हणून?"

मामाने सुरी खाली ठेवली. "तू म्हणालीस, कुणीही वाचेल. मग मी कुणालाही सांगतात ते सांगितलं. आमच्या मामाने आम्हाला हेच शिकवलं, घराबाहेर जाणाऱ्या गोष्टीत एक दगड हलवून ठेवायचा. चोर त्यालाच अडखळतो."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं? मला सोडून?"

"ते यंत्र घरी ठेव म्हटलं होतं तुला. कोळंबी धरायला चल म्हटलं होतं."

"मग सरळ सांगायचं होतंस!"

"सरळ सांगितलं असतं, तर तू खोटं छापलं असतंस?"

नसतं छापलं. ते दोघांनाही माहीत होतं, आणि म्हणूनच तिचा राग आणखी भडकला. मला विचाराल, तर मामाचं चुकलं नव्हतं आणि तिचाही राग खोटा नव्हता. ज्या माणसाच्या गाण्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तो गाताना तिला सापळ्यात आमिष म्हणून बांधत होता. जमीन वाचली म्हणून ते गोड मानून घ्यायचं? "त्या पुस्तकावर माझं नाव आहे," ती म्हणाली. "आईने बाजारात चिकटवलंय ते नाव. खोट्यावर." आणि ती निघून गेली. लापलाप खायलाही आली नाही.

पुढच्या शिष्यवृत्तीचा अर्ज करायला ती ब्रिस्बेनला परतली, आणि डॉक्टर ग्वेंडांचा निरोप आला. तिचं ते प्रकरण एका नामांकित नियतकालिकाला हवं होतं. 'निवाड्यात जागेवरून काही गोंधळ झाला असं कानावर आलं. नकाशा चुकला असेल, तर बिनसंकोच सांग, दुरुस्त करू. खरं काय ते महत्त्वाचं.'

लेईतांगी त्या निरोपाकडे बघत बसली. खरं काय ते महत्त्वाचं. हे तर तिचंच ब्रीद होतं, खिडकीशी उभी राहायची तेव्हापासूनचं. दुरुस्ती केली, तर तिचं नाव स्वच्छ. पण सायलससारखे आणखी पुष्कळ होते, हॉटेलवाले कुठे पळून जात नव्हते, आणि पुढचा जो येईल तो हेच पुस्तक वाचून येणार होता. तिने दात ओठ खात उत्तर लिहिलं. नकाशा बरोबर आहे. मामाने स्वतः सांगितलंय. मात्र लेख छापायचा नाही. त्या खोट्यावर आपलं नाव दुसऱ्यांदा नको, हे कारण तिने लिहिलं नाही. ग्वेंडाबाई दुखावल्या, पुढच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांनी दिलेलं पत्र कोमट निघालं, आणि लेईतांगीची डॉक्टरेट तिथेच राहिली.

गावी आली तेव्हा ती मामासमोर रिकाम्या हातांनी उभी राहिली. "आता मीही खोटं बोलले. झालं समाधान? आता दाखव."

मामा उठला. "चपला काढ," म्हणाला. वाट निसरडी होती. त्याने हात पुढे केला, तो तिने धरला नाही. जागा पाहून झाल्यावर ती त्याला मागे टाकून एकटीच परत आली.

मामा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. लेईतांगी व्हिलाच्या शाळेत इतिहास शिकवते आणि तिच्या वर्गात कुणी जांभई देत नाही. टोकावरचा वड जागेवर आहे. परवा रविवारी गावी आली असताना तिची मुलगी, लेईसेई, फोन घेऊन झोपडीत आली.

"आई, शाळेत प्रकल्प आहे. आपल्या कुळाची गोष्ट सांग ना. थांब, रेकॉर्ड करते."

लेईतांगी कोनफळ सोलत होती. "कोण ऐकणार?"

"सगळे! शाळा इंटरनेटवर टाकणार आहे."

"फोन राहू दे. चल, ओढ्यावर कोळंबी धरायला जाऊ."

"आई, उद्या द्यायचंय! प्लीज."

मग लेईतांगीने सांगितली. होडी, वादळ, उपाशी बाळ. गाणंही म्हटलं. पोरीचे डोळे भरून आले.

"शिंपला कुठे पुरला?"

"टोकावरच्या वडाखाली. समुद्राकडच्या बाजूला."

"नक्की?"

"नक्की," लेईतांगी म्हणाली. पोरगी खूश होऊन उड्या मारत गेली.

आणि सुरी हातात तशीच धरून बसलेल्या लेईतांगीला मामाचा असा काही राग आला, की तिने ती कोनफळात मुठीपर्यंत खुपसली. फसवल्याचा राग नव्हता हा. तो तिने कधी सोडलाच नव्हता. भरल्या डोळ्यांनी बघणाऱ्या आपल्याच पोरीला 'नक्की' म्हणताना काय होतं, हे त्या माणसाने तिला कधी सांगितलं नव्हतं.