एकशे आठवा आकार

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, फरशी बसवायचं काम करतात. हात चांगला आहे, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. पण डोकं भलतीकडेच. एकसारख्या चौकोनी फरश्या कडेला कड लावून जोडल्या तर किती वेगवेगळे आकार होतात, हे मोजण्यात या गृहस्थांनी अकरा वर्षं घालवली. चार फरश्यांचे पाच, पाचांचे बारा, सहांचे पस्तीस. फिरवून किंवा उलटा करून तसाच दिसणारा आकार पुन्हा धरायचा नाही. सगळं चौकटीच्या वहीत, पेन्सिलीने. सात फरश्यांचे त्यांना एकशे सात सापडले. तो आकडा ते येईल त्याला ऐकवत, जणू काही कोणी विचारलंच होतं.

आणि स्वतःच्या घरात? मोरीतल्या जाळीभोवती आठ फरश्या बसायच्या होत्या, त्यातल्या सातच बसलेल्या. कोपऱ्यातली आठवी नऊ वर्षं दाराआड उभी होती. ताई आठवण करून द्यायची, हे ‘उद्या बसवतो’ म्हणायचे आणि वही उघडायचे. ताई त्या उघड्या कोपऱ्यातल्या चिखलाला पाय लागू न देता धुणं धुवायची. मला हे बघून संताप यायचा.

एकदा कॉलेजात गणित शिकवणाऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात फरशी बसवायचं काम त्यांना मिळालं. काम बाजूला ठेवून यांनी वही पुढे केली. बाईंनी कुठल्याशा पुस्तकात पाहून शांतपणे सांगितलं, की सातांचे एकशे आठ होतात, एक राहिला. भाऊजींचा चेहरा पडला. कुठला ते सांगू नका, म्हणाले, मीच शोधतो. अकरा वर्षांची मेहनत एका आकारावर अडली होती, आणि हा माणूस हातातली कामं सोडून तीन महिने तोच हुडकत बसला. शेवटी हात टेकले आणि बाईंकडे खूण विचारायला गेला.

त्या दिवशी मी ताईकडे होतो. भाऊजी तणतणतच घरात शिरले. बाई म्हणे सांगतात, एका आकाराच्या मधोमध भोक असतं.

“भोक असलेली जमीन मी आजवर कोणाला दिली नाही,” ते मला म्हणाले. “ते मी कशाला मोजीन?”

ताई मोरीत होती. तिने तिथूनच हाक मारली. “इकडे या जरा.”

आम्ही दोघे गेलो. तिने बादली बाजूला सरकवली आणि जाळीभोवतीच्या फरश्यांवरून एकेक करून बोट फिरवलं. सात भरल्या, आणि मधोमध जाळीचं भोक.

“नऊ वर्षं याच्यावर बसून तुमचे कपडे धुतेय मी,” ती म्हणाली.

भाऊजी खाली वाकले, पुन्हा मोजलं आणि वही आणायला धावले. माफी वगैरे काही नाही. वर मला बजावलं, की ही जागा आता अशीच ठेवायची, हा पुरावा आहे. असल्या माणसाला काय म्हणावं?

ताईने कोनाड्यातलं उरलेलं सिमेंट काढलं, तसराळ्यात कालवलं, दाराआडची फरशी आणली आणि कोपऱ्यात दाबून बसवली. जराशी तिरकीच बसली. भाऊजी वही घेऊन दारात आले तेव्हा ती हात धूत होती. त्यांनी त्या तिरक्या फरशीकडे बघितलं, पण दुरुस्त करतो म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही.