रडका फोटो

सालेकसा तालुक्यातल्या एका काकूंच्या स्वयंपाकघराची भिंत पावसात पडली होती. मी एका संस्थेत समाजसेविका. घरदुरुस्तीच्या मदतीसाठी मोबाइलवर फोटोसकट अर्ज भरणं माझ्याकडे. फोटोसाठी काकू पोपटी साडी नेसून, पावडर लावून पडक्या भिंतीपुढे ताठ उभ्या राहिल्या. बचत गटाच्या अध्यक्ष ना त्या! दोन दिवसांत अर्ज गोंदियाच्या ऑफिसातल्या साहेबांकडून परत आला. शेरा होता, ‘गरज दिसत नाही.’

नसलेली भिंत दिसली नाही, साडी तेवढी दिसली! माझं डोकं तडकलं, पण साहेबांशी भांडायची हिंमत कुठली? मी पुन्हा गेले आणि निर्लज्जपणे म्हणाले, “काकू, जुनी साडी नेसा. जरा रडकं तोंड करा.”

“भिंत पडून महिना झाला, बाई. आता काऊन रडू?”

शेवटी भिंतीसाठी त्या तयार झाल्या. दोनदा हसू फुटलं, तिसऱ्यांदा जमलं.

“हा कोनाले दिसन नाही ना?”

“फक्त साहेबांना,” मी छाती ठोकून सांगितलं.

परतताना आमगावच्या बसमध्ये मी फोटो पाठवला. साहेबांना नव्हे, काकूंच्याच गटाच्या ग्रुपवर! घाईघाईत पुसायला गेले, तर तो फक्त माझ्याच मोबाइलवरून पुसला गेला. आता मी सोडून सगळ्यांना दिसत होता. खाली बायांचे मेसेज सुरू झाले होते. “अध्यक्षबाई, का झालं?” “कोन गेलं जी?” “माती किती वाजता हाय?”

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले. काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ज्या बायाइले मी धीर देत होती, त्याच सकाळपासून मले धीर देऊन राहिल्या,” त्या म्हणाल्या.

मला रडूच कोसळलं. नाक लाल, पदर ओला. तेवढ्यात काकूंनी मोबाइल उचलून माझा फोटो काढला.

“नका ना काकू, पाया पडते! ग्रुपवर टाकू नका!”

“भेऊ नका. फक्त साहेबाले धाडतो.”

“साहेबांना तर मुळीच नको!” मी किंचाळले.

काकूंनी मोबाइल खाली ठेवला. त्यांचा रडका फोटो साहेबांकडे अजून गेलाच नव्हता. आता तो जाणारही नव्हता. भिंतीसाठी मलाच भांडावं लागणार होतं.