ओढ्याकडचं खाचर आणि ऑफिसचा लॅपटॉप

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत दरवर्षी माहितीच्या गोपनीयतेचं प्रशिक्षण असतं. शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा, आणि पास झालं की सर्टिफिकेट. मागच्या खेपेला ते प्रशिक्षण आमच्या मॅनेजरसाहेबांनीच घेतलं. "दुसऱ्याची माहिती म्हणजे दुसऱ्याचं घर, विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही," असं ते म्हणाले. मला ते इतकं पटलं की मी वहीत उतरवून घेतलं.

आमच्या मजल्यावर मोबाईलला बंदी आहे. परदेशी क्लायंटच्या कामाचे कुणी फोटो काढू नयेत म्हणून सकाळी दाराशीच फोन लॉकरमध्ये ठेवायचा, तो संध्याकाळी काढायचा. त्यामुळे जो तो आपल्या घरच्या भानगडी ऑफिसच्याच लॅपटॉपवर स्वतःचा मेल उघडून निस्तरतो. कुणी बायकोशी भांडतो, कुणी हळूच दुसरी नोकरी शोधतो. दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर त्या लॅपटॉपवर बसवलेलं आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. रुजू होताना तशा कागदावर सह्याही केल्या होत्या. पण एवढे फोटो कोण बघत बसतंय, असं सगळ्यांनाच वाटायचं.

माझे मेल नाशिकच्या ताईला जायचे, आणि विषय असायचा नांदे गावातलं आमचं ओढ्याकडचं भाताचं खाचर. आसपास टॉवर उभे राहिले होते. आमच्याकडेही एक बिल्डर येऊन गेला. वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्याला चहा पाजून वाटेला लावलं. आम्ही भावंडांनी मात्र परस्पर ठरवून टाकलं की विकायचं. आबांचे गुडघे गेलेत, चिखलात उभं राहणं त्यांना झेपत नाही, असं आम्ही एकमेकांना कळवळून लिहायचो. गुडघे खरोखरच दुखत होते, नाही असं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे मारुंजीतला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट होता, आणि ताईच्या डोळ्यांपुढे काय होतं ते तिचं तिलाच माहीत.

सातबाऱ्याचा फोटो, कितीपर्यंत खाली यायचं ती किंमत, सगळं त्या मेलांमध्ये होतं. आणि प्रत्येक मेलच्या शेवटी एकच वाक्य, की आबांना इतक्यात कळू द्यायचं नाही. आबांचा जीव होता त्या खाचरात. त्यांना कळलं असतं तर ते चिडले नसते, माझ्याशी बोलायचे थांबले असते, आणि मला भीती त्याचीच होती.

अशात साहेब माझ्याशी फार गोड वागायला लागले. "तुमच्याकडे इंद्रायणीच पिकतो ना रे?" "ओढ्याला उन्हाळ्यात पाणी असतं का?" मला वाटलं, माणूस निसर्गप्रेमी आहे. मी लिफ्टसमोर उभा राहून, दोन लिफ्ट सोडून देऊन त्यांना आमच्या खाचराचं वर्णन ऐकवलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, त्यातला देव मी झालो.

एका रविवारी सकाळी साहेब बायकोला घेऊन आमच्या अंगणात हजर. हातात काजूकतलीचा बॉक्स. आबा विळ्याला धार लावत बसले होते.

"काका, ओढ्याकडचं खाचर बघायला आलोय," साहेब म्हणाले. "बिल्डरला देण्यापेक्षा घरच्या माणसाला द्या. मीही मूळचा शेतकरीच, माझ्या नावावरही सातबारा आहे."

आबांनी विळा खाली ठेवला. "इकायचंय म्हून कुनी सांगितलं तुमाला?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी नाही सांगितलं."

"अरे, तसं डायरेक्ट नाही," साहेब म्हणाले, आणि ताईनं ठरवलेली शेवटची किंमत त्यांनी बिनचूक बोलून दाखवली.

माझं डोकंच फिरलं. साहेब-बिहेब विसरून मी ओरडलो, "तुम्ही माझे मेल वाचलेत! माझे आणि ताईचे खासगी मेल!"

"लॅपटॉप कंपनीचा आहे ना," ते शांतपणे म्हणाले. "पॉलिसीत आहे. तू सही केलीयेस."

आपण रागाच्या भरात काय कबूल करून बसलो, ते मला आबांच्या तोंडाकडे पाहिल्यावर समजलं. त्यांनी पाहुण्यांना चहा दिला, "इकायचं न्हाई" एवढंच सांगितलं, आणि काजूकतलीचा बॉक्स परत गाडीत ठेवायला लावला. मग विळा उचलून ओढ्याकडे निघून गेले. जेवायलाही आले नाहीत.

मला लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा राग बरा वाटतो, त्यात आपण निर्दोष असतो. म्हणून दिवसभर मी साहेबांवर चिडत राहिलो आणि ऊन उतरल्यावर ओट्यावर बसून कंपनीला तक्रार लिहायला घेतली. वहीत, हातानं. लॅपटॉपचा धसकाच घेतला होता. तेवढ्यात आबा परतले आणि शेजारी टेकले.

"काय लिवतुयास?"

"साहेबांची तक्रार."

"वाच बगू."

मी वाचलं, जरा चढ्याच आवाजात. 'जे माझं आहे त्यात मला न विचारता, माझ्या पाठीमागे ढवळाढवळ झाली. ज्यांच्यावर मी विश्वास ठेवला त्यांनीच हे केलं, याचं मला फार दुःख झालं आहे.'

आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लई चांगलं लिवलंयस," ते म्हणाले. "आता आनिक येक कागद घी. ह्योच मजकूर लिव. सायेबाच्या जागी तुजं आन् ताईचं नाव घाल. खाली मी सही करतो."