अप्पांच्या समाधीचं माप

माझे वडील, अप्पा, लिंगैक्य झाले त्याच्या सोळाव्या दिवशी मी परभणीच्या स्टेशनवर उभा होतो. कोइमतूरच्या पंप कंपनीनं रुजू व्हायची तारीख एकदा पुढं ढकलली होती, दुसऱ्यांदा मागायची माझी हिंमत नव्हती. आईनं धपाटे बांधून दिले होते. गाडी लागली तरी ती माझ्याकडं न बघता खिडकीच्या गजाकडंच बघत होती. धाकटा भाऊ मन्मथ तेवढा म्हणाला, "दादा, अप्पाच्या समाधीवर ओटा कवा बांधायचा?" मी पाठीवरच्या लॅपटॉपवर थाप मारली. "फिकीर करू नको. माप घेतलंय, नकाशा ह्याच्यात हाय."

आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. आपल्याच शेतात, मांडी घालून बसवून, तळहातावर लिंग देऊन माती देतात. अप्पांना दिली त्या दिवशी मी टेप घेऊन विहिरीच्या कोपऱ्यापासून आणि कडुनिंबाच्या बुंध्यापासून अंतर मोजलं, फोटो काढले आणि रात्री नकाशा केला. शेतकी इंजिनियर झालो होतो ना नुकताच! मन्मथनं चार दगड रचून ठेवले, त्याचं मला हसू आलं होतं. खुणेला दगड लावायचे ते अडाण्यांनी, असं माझं तेव्हाचं मत.

कोइमतूरमध्ये मी रुळलो, आणि फार लवकर रुळलो याचीच आज लाज वाटते. डोशाला दोसै म्हणायला लागलो, दर वाक्यामागं 'बरं, बरं'च्या जागी 'सरी, सरी' यायला लागलं. तिकडं बापाला अप्पाच म्हणतात. रस्त्यात कुठलंही लेकरू 'अप्पा' म्हणून ओरडायचं आणि पहिली दोन वर्षं मी दचकून वळायचो. पुढं वळायचंही थांबलं. ओटा मात्र दरसाल पुढच्या दिवाळीवर जायचा. कंपनीनं नवा लॅपटॉप दिला आणि जुना माळ्यावर गेला.

गेल्या वर्षी आईला हृदयविकाराचा झटका आला आणि ती तीन आठवडे परभणीच्या दवाखान्यात होती. त्याच दिवसांत मन्मथनं मशीन लावून रान सपाट करून घेतलं. मधले बांध गेले, वाळलेला कडुनिंब गेला, चार दगड उचलून कडेला ठेवले गेले. त्याला दोष कसा देऊ? नकाशा दादाकडं आहे, या भरवशावरच त्यानं दगड हलवले. आई घरी आली, रानात जाऊन उभी राहिली, आणि तिथूनच तिनं मला फोन लावला.

"सगळं एकसारखं दिसायलंय बाबा. माझी जागा त्यांच्या शेजारी हाय. कुठं ते मला जिवंतपणी दाव."

माळ्यावरून लॅपटॉप काढला. चालूच होईना. एका गल्लीत जुन्या हार्ड डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्याचं दुकान सापडलं. त्यानं डिस्क कानाशी धरली, आतली टकटक मलाही ऐकवली आणि मान हलवली. दोन आठवड्यांनी जे निघालं ते त्यानं पेन ड्राइव्हवर दिलं. माझ्या बायोडाटाच्या सतरा प्रती निघाल्या. मित्राच्या लग्नातला नाच निघाला, पंपांचे कॅटलॉग निघाले. गाव सोडण्यासाठी आणि सोडल्यावर जे जे केलं होतं ते सगळं शाबूत होतं. नकाशाच्या फाइलचं नुसतं नाव होतं, आत काही नव्हतं. फोटो एकच उघडला, तोही अर्धा. वर आभाळ, कडुनिंबाचा शेंडा, विधी करणाऱ्या स्वामींचं पागोटं, मन्मथचा रडवेला चेहरा. जिथून जमीन सुरू व्हायची तिथून खाली सगळा राखाडी पट्टा.

आईला मी फोनवर सांगितलं, "सापडलं. येतो आन् दावतो." का खोटं बोललो? ती इतकी आनंदली की मला मागं फिरता येईना. गाडीत रात्रभर आकडे आठवत बसलो. बेचाळीस फूट की चोवीस, काही म्हणजे काही आठवेना.

रानात टेप धरून विहिरीच्या कोपऱ्यापासून मोठ्या रुबाबात चाललो आणि दोन्ही आकड्यांच्या मधे कुठंतरी, एकतिसाव्या फुटावर खुंटी ठोकली. मन्मथ बेलपानं घेऊन पुढं आला. आई खुंटीकडं बघत राहिली.

"इथून तर पाट जायचा," ती म्हणाली. "जलमभर पाणी दिलंय मी इथून. पाटात कुनी माती देतंय का?"

मी टेप गुंडाळायला लागलो.

"तुला म्हायती न्हाई ना?"

"न्हाई, आई. समदं गेलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मन्मथच जोरात म्हणाला, "दादा, आरं मी तुझ्या भरवशावर..." आई त्याचा हात धरून विहिरीच्या वरच्या अंगाला गेली आणि एके ठिकाणी मातीत बसली. "ह्याच रानात हायेत ते, एवढं तर खरं हाय? मग माझी जागा ही. माझी खूण आत्ताच करा. मी मेल्यावर तुमचं काय खरं न्हाई."

ती बसलेली असताना आम्ही दोघा भावांनी तिच्याभोवती चार दगड लावले. जिवंत आईच्या. मन्मथनं अंतर मोजून वहीच्या कागदावर लिहिलं. माझ्याकडं कुणी टेप दिला नाही.

माझ्यासारखे जे बाहेर पडले ते म्हणतात, घर आपल्या मनात असतं. माझ्याही मनात होतं, म्हणून तर बाहेर जपायचं राहून गेलं. आता पेरणी आली की मन्मथचा फोन येतो. राग सरलाय त्याचा, पण प्रश्न सरत नाही. "दादा, अंदाजानं तरी सांग. कुठली जागा सोडून पेरू?" मला सांगता येत नाही. गावी गेलो की मी बांधावरच चपला काढतो आणि सबंध रानात अनवाणी चालतो. ढेकळं टोचतात, काटेही मोडतात. अप्पा कुठल्या पावलाखाली असतील, काही सांगता येत नाही.